काडीवरची ओल

शिंदखेड्याचा गॅरेजवाला काय म्हणाला, हे मी त्या संध्याकाळी घरी येऊन सर्वांसमोर सांगितले आणि आमच्या घराने ते पुढे कित्येक वर्षे खरे मानले. वास्तविक गॅरेजवाला काहीच म्हणाला नव्हता. त्याच्या दुकानापर्यंत मी पोहोचलोच नव्हतो. ही दोन वाक्ये कागदावर उतरवायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. आता ती लिहून झाल्यावर बाकीचे सोपे जाईल असे वाटले होते. पण लेखणी पुन्हा थांबते आहे, कारण बाकीच्यात अक्का आहे.

आमचे गाव शिंदखेडा आणि दोंडाईचा यांच्या मधले, सडकेला लागून. वडिलांना आम्ही भाऊ म्हणत असू, आईला माय, आणि माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या बहिणीला अक्का. घर मातीच्या धाब्याचे होते. पुढे ओटा, ओट्यासमोर शेणाने सारवलेले अंगण, आणि अंगणात निंबाखाली भाऊंची फटफटी. ती भाऊंनी एका नातेवाइकाकडून जुनी विकत घेतलेली होती. रंग काळा, टाकीवरची सोनेरी रेघ पुसट झालेली, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारे इंजिन. तिचा आवाज असा की भाऊ सडकेच्या फाट्यावर वळले की माय तव्यावर भाकर टाकत असे. ते पाय धुऊन बसेपर्यंत भाकर पापुद्रा सोडून फुगलेली असे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर, लसणीचा ठेचा आणि दूरवरून जवळ येत जाणारी ती फटफट हे तिन्ही माझ्या मनात आजही एकाच वेळी येतात.

भाऊंचा गाडीवर जीव होता आणि कोणावरही विश्वास नव्हता. रोज संध्याकाळी ते पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची एक सोललेली काडी टाकीत बुडवून वर काढत, कंदिलापाशी नेत आणि काडी कुठवर ओली झाली ते नखाने खूण करून पाहत. दुसऱ्या दिवशी ओल त्या खुणेच्या फार खाली आली, की घरातल्या प्रत्येकाला विचारणा होई. म्हणजे मलाच. ती काडी ओट्याच्या खुंटीवर सुताने बांधलेली असे आणि तिला हात लावायची कोणाची प्राज्ञा नव्हती. पेट्रोल किती आहे हे ती काडी बिनचूक सांगे. टाकीत आहे ते पेट्रोलच आहे की नाही, हे मात्र तिला सांगता येत नव्हते.

त्या गाडीला भाऊंखेरीज हात लावण्याची परवानगी एकाच व्यक्तीला होती, ती अक्काला. विहिरीवरचे ऑइल इंजिन सुरू करताना लहानपणापासून पाने हातात देणारी तीच. भाऊंना आधी कळत नसे ते तिला ऐकू येई. जेवताना दूर मळ्यातल्या इंजिनाचा ठोका बदलला की ती घास हातात धरून थांबायची आणि म्हणायची, “भाऊ, पानी सोडी दिन्हं त्यानी.” आणि खरोखरच विहिरीतल्या फुटबॉलने, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेने, पाणी सोडलेले असे आणि इंजिन मोकळे चालत असे. बायकांमध्ये यावरून थट्टा चाले. शेजारच्या काकू म्हणत, “हिले सासरी रुखवतमा पाने-पकडी देवा लागतीन.” भाऊ हसत नसत. ते ओट्यावरून शांतपणे म्हणत, “दिसू पाने-पकडी. त्यामा काय!” त्या बोलण्यातला अभिमान मला तेव्हा टोचत असे, हेही आज मान्य केले पाहिजे. मी मुलगा होतो, आणि गाडीला हात लावला की माझ्या पाठीत धपाटा बसे.

त्या वर्षी धुळ्याला मुलींसाठी मोटार-वाइंडिंग आणि पंपदुरुस्तीचा प्रशिक्षणवर्ग निघाला. राहण्याची सोय तिथेच. निवडीसाठी सकाळी समक्ष हजर राहायचे होते. माय घाबरली, काका-मामांनी नाके मुरडली, आणि भाऊंनी सर्वांना एकच उत्तर दिले: “मी सोता लई जासू तिले. फटफटीवर.” एसटीने जाणे त्यांना कमीपणाचे वाटले असावे. अख्ख्या गावाने पाहावे, की सुकदेव आपल्या पोरीला मागे बसवून धुळ्याला नेतो आहे, असे त्यांच्या मनात होते. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी अक्काने कार्बोरेटर सोडवला, पितळी वाटीत रॉकेल घेऊन त्यातला एकेक भाग धुतला, फुंकून पुसून परत बसवला आणि पहिल्याच किकला गाडी सुरू केली. ते पाहायला तेव्हा घरात माय आणि मी, दोघेच होतो. भाऊ मळ्यात होते. अक्काने गाडी बंद केली, टाकीतले पेट्रोल सोडणारा कॉक बंद केला, वर गोणपाट टाकले, आणि त्या दोघी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघून गेल्या.

मी गाडी काढली. यामागे काही मोठे कारण नव्हते. दोंडाईच्याचा एक मित्र मला सारखा म्हणे, “तुन्हा घर गाडी शे, पन तुले कोन देस?” त्याला दाखवायचे होते, इतकेच. त्याला मागे बसवून स्टेशनपर्यंत गेलो, मिरचीच्या बाजाराला वळसे घातले, पुन्हा स्टेशनपर्यंत गेलो. परत येताना फाट्याजवळ गाडी आचके देऊ लागली तेव्हा रिझर्व्हवर घेतली. घरी पोहोचलो तर अजून कोणी आलेले नव्हते. काडी आठवली. मित्राच्या तोंडून ऐकले होते, की रिक्षावाले सर्रास रॉकेल मिसळतात आणि गाडीला काही होत नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यातून मी रॉकेल आणले आणि ओल खुणेला लागेपर्यंत टाकीत ओतले. काडी पुसली. खुंटीला बांधली. संध्याकाळी भाऊंनी ती बुडवून पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले, “उजाडताच निघू.”

सकाळ पौषातली. निंबाच्या पानांवरून दव गळत होते आणि बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. अक्काने तिची एकुलती कडक इस्त्रीची साडी नेसली होती, मायने दशम्या आणि चटणी फडक्यात बांधून दिली होती. भाऊंनी डोक्याला मफलर गुंडाळून किक मारली. गाडी लागली. फट्, फट्, फट्, अशी दहा-बारा ठोके चालली आणि मान टाकावी तशी गप्प झाली. ती मुळीच लागली नसती तर बरे झाले असते, असे मला पुढे फार वेळा वाटले. एकदा लागली म्हणजे पुन्हा लागणारच, हा विश्वास त्या दहा-बारा ठोक्यांनी भाऊंना दिला, आणि त्या विश्वासानेच सगळा घात केला.

भाऊ किक मारत राहिले. चोक ओढून मारली, चोक ढकलून मारली. पायातली वहाण निसटून अंगणाच्या टोकाला गेली ती मी आणून दिली. मग त्यांनी प्लग काढला, तो ओला होता. पुसला, पॉलिश पेपरने घासला, पुन्हा बसवला. काही नाही. पुन्हा काढला आणि “गरम करी आन” म्हणून माझ्या हाती दिला. मायच्या स्टोव्हवर तवा होता. ती वैतागून म्हणाली, “इठे मी भाकरी भाजू का तुम्हना प्लग भाजू?” तरीही तिने तवा उतरवला, चिमट्यात प्लग धरून ज्योतीवर फिरवला, आणि फिरवता फिरवता डब्याकडे पाहून सहज म्हणाली, “रॉकेल इतलं कसं उतरनं व माय? अक्कानी कारबोरेटर धवाले बठ्ठं लई गई वाटस.” अक्का दारातच उभी होती. “वाटीभर लिन्हं व्हतं मी,” ती म्हणाली. मायने पुढे विचारले नाही. मी चिमट्यातला प्लग फडक्यात घेऊन बाहेर पळालो.

एव्हाना शेजारचे नाना येऊन ओट्याच्या कडेला बसले होते. नाना म्हणजे गावातल्या प्रत्येक अडचणीचे पहिले प्रेक्षक. त्यांनी तंबाखू मळत विचारले, “सुकदेव, बैल जुपू का?” भाऊ प्लग बसवत राहिले. नाना म्हणाले, “आमना ढवळ्याले चोक लागत नही, भो. शेपटी पिरगाळी का चालू.” जमलेली माणसे हसली. मग प्रत्येकाने आपला उपाय सांगितला. कोणी म्हणाले गाडी आडवी निजवा, म्हणून ती आडवी निजवली. टाकीच्या झाकणातून थोडे सांडले आणि वास सुटला. कोणी म्हणाले टाकीत फुंकर मारा, म्हणून भाऊंनी टाकीला तोंड लावून फुंकर मारली आणि थुंकत बाजूला झाले. चौघांनी धक्का देत गाडी सडकेपर्यंत नेली आणि परत आणली. दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला की चाक घसरत जाई, इंजिन एक ढेकर देई, पांढरा धूर निघे आणि पुन्हा तीच शांतता. भाऊंचा मफलर गळून पडला होता. त्या थंडीत त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. प्रत्येक किकनंतर ते तोंडातल्या तोंडात म्हणत, “आते व्हईच.” माणूस यंत्रापुढे किती दीनवाणा होतो, आणि ते लपवण्यासाठी किती रागावतो, हे मी त्या सकाळी पाहिले.

“भाऊ, एसटीनी जाऊत,” अक्का म्हणाली. “आत्ते गाडी शे फाटावर.”

“थांब जरासं. चालू व्हई राहिनी ना!”

अक्का थांबली. मग साडीचा पदर खोचून ती गाडीजवळ गेली, प्लग पुन्हा काढून बोटावर घासला, बोट नाकाशी नेले. मला तिचा चेहरा दिसत होता. इंजिनाचा ठोका ऐकताना तो असाच होई. ती हळू म्हणाली, “भाऊ, ज्या दहा-बारा ठोका चालनी ना, त्या कारबोरेटरमा जे पेट्रोल उरेल व्हतं त्यानावर. टाकीमातलं येवाले लागनं आनि बंद पडनी. टाकीमा काहीतरी शे. याले रॉकेलना वास येस.”

नाना ओट्यावरून म्हणाले, “येवावच! काल तूच रॉकेलमा बुडाई ना बठ्ठी गाडी!” पुन्हा हसू उसळले.

“धुतं तवय एक किकमा लागनी व्हती,” अक्का म्हणाली. “टाकी खाली करी पाहूत भाऊ, एकदाव.”

भाऊंनी खुंटीवरून काडी आणली, टाकीत बुडवली, आणि ओली काडी तिच्या डोळ्यांसमोर धरली. “हाई देख. काल जितलं व्हतं तितलंच शे. माले नको शिकाडू. चालती गाडी खोली ठेवी तू. आते हात नको लावू.”

त्याच वेळी सडकेवरून एसटी गेली. झाडांमागून तिचा लाल रंग सरकत गेलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला. मग भाऊंनी प्लग बसवून पुन्हा किक मारली.

अक्का माझ्याकडे आली. मी निंबाच्या बुंध्याशी उभा होतो. तिच्या बोटांना काळे लागले होते, ती बोटे साडीपासून दूर धरून ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “खरं सांग. काल आम्ही गऊत तवय तू गाडी लई गयथा का?” त्या प्रश्नात आरोप नव्हता. मी हो म्हटले असते तर तिने बहुधा माझे नाव न घेताच काही तरी युक्ती करून टाकी रिकामी करायला लावली असती. दुसऱ्या गाडीने का होईना, ती मान वर करून धुळ्याला गेली असती. मी म्हणालो, “नही.” ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग तिने माझ्यावर विश्वास ठेवला. ते मला दिसले. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिले. ‘मग माझंच काही चुकलं असेल,’ असे न बोलता बोलणारी ती नजर मी आजवर विसरू शकलेलो नाही. खोटे बोलल्याचा सल पुढे थोडा बोथट झाला; ही नजर नाही झाली.

दुपारच्या एसटीने भाऊ तिला घेऊन गेले, आणि मला म्हणाले, “गाडी शिंदखेडाले लई जाय. गॅरेजवालाले दखाड.” मी गाडी ढकलत निघालो. सडकेला नाला लागतो तिथे खाली उतरलो, कॉकची नळी काढली आणि टाकीतले सगळे वाळूत सोडून दिले. ते वाळूत मुरताना बराच वेळ लागला. पुढे पंपावर ऑइल मिसळलेले पेट्रोल घेतले, काही वेळ किका मारल्या, थोडे फसफसून गाडी सुरू झाली. तिथून गॅरेज दिसत होते. दारात तो माणूस चहा पीत बसला होता. मी गाडी वळवली.

धुळ्याहून दोघे दिवेलागणीला परतले. नावे पुकारून झाल्यावर ते तिथे पोहोचले होते. तिथल्या बाईंनी चांगल्या शब्दांत पुढच्या तुकडीला या असे सांगितले होते. म्हणजे दार बंद झालेले नव्हते. भाऊ ओट्यावर बसले, पाय न धुताच, आणि त्यांनी मला विचारले, “काय म्हने गॅरेजवाला?”

मी आधी काही ठरवलेले नव्हते. तोंडातून आले ते असे: “कारबोरेटर चुकीना बसाडेल व्हता म्हने. आतमा रॉकेल राही गयथं. चालती गाडीले कोनी हात लावा? म्हने.” शेवटचे वाक्य मी का जोडले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा खोटे पक्के बसावे म्हणून.

भाऊ अक्कावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर ते विरून गेले असते. ते फक्त म्हणाले, “जाऊ दे.” पुढच्या तुकडीचे पत्र आले तेव्हाही ते “जाऊ दे” म्हणाले, आणि अक्काने हट्ट धरला नाही. ज्या मुलीने भर अंगणात नानांसमोर आपले म्हणणे मांडले होते, ती या वेळी गप्प राहिली. एका माहीतगार माणसाने तिच्या हातात खोट काढली होती आणि तिला ती पटली होती. वर्षभरात तिचे लग्न होऊन ती जळगावला गेली. रुखवतात पाने-पकडी नव्हत्या.

पुढे मला धुळ्याला नोकरी लागली, घर झाले, दाराशी माझी स्वतःची गाडी आली. आणि या काळात आमच्या घरात एक म्हण रूढ झाली. मिक्सर बंद पडला, टीव्हीला मुंग्या आल्या, कोणाची स्कूटर लागेना, की कोणी तरी विचारणार, “अक्कानं हात लावला का?” आणि सगळे हसणार. अक्काही हसे. तिच्या मुलांनी ती म्हण उचलली, सुनेने उचलली. मी ती कधी उच्चारली नाही, पण हसताना मात्र मी होतो. भाऊ गेले तेही ती म्हण खरी मानूनच. त्यांना सांगायचे राहिले, या वाक्याचा मला अलीकडे राग येतो. राहिले नाही, मी सांगितले नाही.

काही महिन्यांपूर्वी अक्काच्या नातीच्या बारशाला मी धुळ्याहून माझ्या जुन्या मोटारसायकलीवर जळगावला गेलो होतो. निघताना फाटकात गाडी सुरू होईना. बटण दाबले, मग किक मारू लागलो. पाहुणे अंगणात उभे होते, निरोपासाठी थांबलेल्या माणसांना मिळते तशी त्यांना करमणूक मिळाली. या वयात किक मारताना दम लागतो. मला भाऊंचा भिजलेला सदरा आठवू लागला. अक्का पायरीवर होती. ती दोन पायऱ्या उतरली, थबकली, आणि हात पदराखाली घेऊन तिथूनच म्हणाली, “कॉक पाहिलास का रे?”

दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, मनाने सरळ आणि मोठ्याने बोलणारे. ते हसत म्हणाले, “ए, तू लांबच राहा! हात लावशील तर पाव्हण्याला आज इथंच मुक्काम करावा लागेल!” सगळे हसले. अक्काही हसली, आणि आज्ञाधारकपणे एक पायरी मागे सरकली. साठीला आलेली ती बाई, जिला दूरच्या इंजिनाचा ठोका घास हातात धरून ऐकू येत असे, माझ्या गाडीपासून एक पाऊल मागे सरकली.

मी किक सोडून दिली. ती म्हण जिथे उच्चारली जाते तिथेच, तेवढ्याच माणसांसमोर बोलले पाहिजे, हे मला त्या क्षणी उमगले. एकांतात तिच्यापाशी रडून मोकळे होणे ही पुन्हा चोरीच झाली असती. मी गाडी स्टँडला लावून तिच्यापर्यंत गेलो. शहरात मी सदैव नीटनेटके मराठी बोलतो, लिहितोही तसेच; पण तिने मला निंबाखाली विचारले होते ते आमच्या बोलीत, आणि खरे उत्तर द्यायचे राहिले होते तेही त्याच बोलीत.

“अक्का,” मी म्हणालो, “तू माले इचारं व्हतं ना, तू गाडी लई गयथा का म्हनीसन? हा अक्का. मीच लई गयथू. टाकीमा रॉकेल मीच टाकं. तू बरोबर सांगी राहिनती, आनि मी तुना तोंडवर ‘नही’ म्हनं. गॅरेजवालानी काहीच सांगं नव्हतं, मी त्याना दुकानवर गयथूच नही. ते बठ्ठं मन्हा मननं व्हतं. तुना हातमा कवयच खोट नव्हती, अक्का. माले माफ कर.”